कार्डावरची फसवणूक आणि बँकेची चौकशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेबिट आणि क्रेडिट कार्डावर न केलेले व्यवहार दिसल्यानंतर वाचकांकडून जे प्रश्न पुनःपुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे भारतातील बँकांना लागू असलेल्या नियमांवर आधारलेली आहेत. त्यांचा मुख्य आधार म्हणजे अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाचे दायित्व किती, हे ठरवून देणारी रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाची चौकट. आपल्या बँकेचे याविषयीचे चालू धोरण तिच्या संकेतस्थळावर असते. ते एकदा उघडून पाहावे.

1. मी न केलेल्या व्यवहाराचा मेसेज आला आहे. सर्वांत आधी काय करू?

कार्ड बंद करावे. अ‍ॅपमधून, बँकेच्या टोल फ्री क्रमांकावरून किंवा मेसेजमध्येच दिलेल्या सूचनेप्रमाणे उत्तर पाठवून ते करता येते आणि ही सोय चोवीस तास उपलब्ध ठेवणे बँकेवर बंधनकारक आहे. त्यानंतर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून घ्यावी. बँकेच्या हेल्पलाइनचा क्रमांक मात्र कार्डाच्या पाठीमागे छापलेलाच वापरावा. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या 'कस्टमर केअर'ला फोन केल्यामुळे एका फसवणुकीच्या दोन झाल्याची उदाहरणे कमी नाहीत. लगोलग 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवरही कळवावे (त्याचा उपयोग प्रश्न 14 मध्ये आहे). शाखेत प्रत्यक्ष जाणे हे यानंतरचे काम आहे. शाखा उघडेपर्यंत थांबणे हीच अनेकांची महाग पडलेली चूक असते.

2. बिलावर अनोळखी दुकानाचे नाव आहे. ही फसवणूकच समजायची का?

लगेच नाही. दुकानाच्या पाटीवरचे नाव आणि कार्डयंत्र ज्या कंपनीच्या नावे नोंदलेले असते ते नाव पुष्कळदा वेगळे असते. पेट्रोल पंप, उपाहारगृहे आणि अ‍ॅपवरची वर्गणी यांत हा गोंधळ नेहमीचा आहे. तारीख, वेळ आणि रक्कम घरातल्यांना विचारून ताडून पाहावी, पण त्यात दिवस घालवू नये. रक्कम अगदी किरकोळ असेल आणि व्यवहार परदेशी चलनातला असेल, तर मात्र अधिक सावध व्हावे, कारण चोरलेला कार्ड क्रमांक चालू आहे की नाही हे आधी लहान रकमेने चाचपून पाहिले जाते.

3. बँक 'चौकशी करू' म्हणते. ती चोराला शोधते का?

बहुतेक प्रकरणांत नाही, आणि ही गोष्ट सुरुवातीलाच समजून घेतली तर पुढचा मनस्ताप बराच कमी होतो. गुन्हेगार शोधणे हे पोलिसांचे काम आहे. बँकेची चौकशी व्यवहार कोणत्या मार्गाने मंजूर झाला आणि त्याचे नुकसान कोणी सोसायचे, या दोनच प्रश्नांभोवती फिरते. ते सोसणारे चार पक्ष असू शकतात: ग्राहक, कार्ड देणारी बँक, दुकानदार आणि दुकानदाराची बँक. त्यामुळे 'माझे पैसे कोणी नेले?' या प्रश्नाला बँकेकडे उत्तर नसते. 'हा व्यवहार कोणत्या पडताळणीवर मंजूर केला?' या प्रश्नाला असते, आणि ते देणे तिला भाग आहे. ग्राहकाचे दायित्व सिद्ध करण्याची जबाबदारी 2017 च्या चौकटीने बँकेवर टाकलेली आहे. आपण निर्दोष आहोत हे ग्राहकाने सिद्ध करायचे नसते. तक्रारीचा अर्ज लिहिताना हे वाक्य आठवावे, कारण काउंटरवर बहुधा उलटेच ऐकायला मिळते.

4. व्यवहार कसा झाला हे बँकेला नेमके कशावरून कळते?

प्रत्येक व्यवहाराच्या मंजुरीसाठी एक संदेश दुकानदाराच्या बँकेकडून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्या जाळ्यामार्फत आपल्या बँकेपर्यंत येतो आणि त्या संदेशाची नोंद राहते. कार्ड चिप वाचून वापरले, काळी चुंबकीय पट्टी घासून वापरले, यंत्राला नुसते टेकवले की क्रमांक टाइप केला, हे त्या नोंदीतल्या एका सांकेतिक आकड्यावरून कळते. पिन टाकला होता का, दुकान कोणत्या प्रकारचे होते आणि कोणत्या देशातले होते, हेही त्यात असते.

चिपच्या व्यवहारात आणखी एक गोष्ट घडते. चिप प्रत्येक व्यवहारासाठी नवा, एकदाच चालणारा सांकेतिक मजकूर तयार करते आणि आतापर्यंतच्या व्यवहारांचा मोजणी-आकडा पुढे सरकवते. बँकेच्या यंत्रणेने तो मजकूर तपासून बरोबर ठरवला असेल, तर मूळ चिपच यंत्रात होती असे मानण्यास भक्कम आधार मिळतो. पट्टीची नक्कल करता येते, पण चिपची तशी करता येत नाही. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने बँकांना 2018 अखेरपर्यंत नुसत्या पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यास सांगितले होते.

ऑनलाइन व्यवहारात चिपची जागा ओटीपीच्या नोंदी घेतात: ओटीपी कोणत्या मोबाइल क्रमांकावर गेला, किती वाजता पोहोचला, किती सेकंदांत भरला गेला, आणि तो भरणारे उपकरण कोणत्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या कोणत्या ओळख-क्रमांकावरून, जोडलेले होते. याशिवाय एकाच सुमारास तक्रारी आलेली अनेक कार्डे शेजारी ठेवून ती सर्व पूर्वी कोणत्या एका ठिकाणी वापरली गेली होती, हेही बँका पाहतात, आणि माहिती कुठून फुटली याचा माग त्यातून लागतो. 2016 मध्ये सुमारे 32 लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे उघड झाले, तेव्हा वेगवेगळ्या बँकांच्या ग्राहकांना जोडणारा धागा एटीएम चालवणाऱ्या एका सेवा कंपनीच्या यंत्रणेपर्यंत जात होता.

5. 'तीन दिवसांत कळवा' यातले तीन दिवस कुठून मोजायचे?

बँकेकडून व्यवहाराची सूचना ज्या दिवशी मिळाली तो दिवस सोडून, आणि फक्त कामकाजाचे दिवस धरून. कामकाजाचे दिवस आपल्या मूळ शाखेच्या वेळापत्रकाप्रमाणे ठरतात. उदाहरणार्थ, मूळ शाखा महाराष्ट्रात असलेल्या ग्राहकाला शुक्रवार, 11 सप्टेंबर 2026 रोजी रात्री मेसेज आला असे समजू. शनिवार महिन्यातला दुसरा म्हणून सुट्टीचा, मग रविवार, आणि सोमवारी गणेश चतुर्थी. मोजणी मंगळवारी सुरू होईल आणि तिसरा दिवस गुरुवारी, 17 तारखेला संपेल. अर्थात ही मोजणी उशीर झालाच तर हक्क बजावण्यासाठी आहे, निवांत बसण्यासाठी नव्हे.

या मुदतीत कळवले, आणि दोष ना ग्राहकाचा ना बँकेचा, तर यंत्रणेत अन्यत्र असेल, तर ग्राहकाचे दायित्व शून्य असते. दोष खुद्द बँकेचा असेल, तर ग्राहकाने केव्हा कळवले किंवा कळवले की नाही, याने काहीच फरक पडत नाही. तेव्हाही दायित्व शून्यच.

6. मला कळवायला पाचवा दिवस उजाडला. आता सगळे पैसे गेले का?

नाही. चौथ्या ते सातव्या कामकाजाच्या दिवसापर्यंत कळवल्यास दायित्वाला कमाल मर्यादा आहे: मूलभूत बचत खात्यासाठी 5,000 रुपये, इतर बचत खाती आणि 5 लाखांपर्यंत मर्यादेची क्रेडिट कार्डे यांसाठी 10,000 रुपये, आणि त्यावरील मर्यादेच्या क्रेडिट कार्डांसाठी 25,000 रुपये. व्यवहाराची रक्कम याहून कमी असेल तर तेवढीच. सात दिवसांनंतर बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण लागू होते.

7. ओटीपी मीच फोनवर सांगितला. काहीच मिळणार नाही का?

ओटीपी, पिन किंवा कार्डाचा तपशील ग्राहकाने स्वतः दिला असेल, तर तो निष्काळजीपणा ठरतो आणि बँकेला कळवण्याच्या क्षणापर्यंतचे सर्व नुकसान ग्राहकाच्या माथी येते. कळवल्यानंतर होणारे नुकसान मात्र बँकेचे. म्हणून तक्रारीची वेळ मिनिटापर्यंत नोंदलेली असणे येथे सर्वांत महत्त्वाचे आहे. पहिला व्यवहार 2 वाजून 10 मिनिटांनी, आपला फोन 2 वाजून 25 मिनिटांनी आणि दुसरा व्यवहार 2 वाजून 40 मिनिटांनी झाला असेल, तर दुसऱ्या व्यवहाराची जबाबदारी बँकेची. लाजेने किंवा घरच्यांच्या बोलण्याच्या भीतीने तक्रार लांबवणाऱ्यांचे नुकसान याच अंतरात वाढते. अर्जात खरे तेच लिहावे. 'ओटीपी दिला नाही' असे लिहिले आणि नोंदी उलट निघाल्या, तर उरलेल्या खऱ्या मुद्द्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

8. मी ओटीपी कोणालाही दिला नाही. तरी बँक म्हणते, 'ओटीपी बरोबर पडला, म्हणजे व्यवहार तुमचाच.' हे चालते का?

हा युक्तिवाद जितक्या सहजपणे केला जातो तितका तो पक्का नाही. बरोबर ओटीपी भरला गेला, एवढेच त्यातून सिद्ध होते. तो कोणी भरला हे सिद्ध होत नाही. लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल (मोबाइलवर अ‍ॅप बसवणारी फाइल) उघडली की ती मोबाइलमधले मेसेज परस्पर दुसरीकडे पाठवू शकते. बनावट कागदपत्रांवर आपल्या क्रमांकाचे दुसरे सिम काढले गेले असेल, तर ओटीपी आपल्यापर्यंत येतच नाही. अशा वेळी मोबाइलचे नेटवर्क अचानक जाते. ते कधी गेले, ती वेळ अर्जात लिहावी.

बँकेकडे लेखी मागावे: ओटीपी कोणत्या क्रमांकावर, किती वाजता गेला, त्याआधी खात्यातला मोबाइल क्रमांक किंवा ईमेल बदलला होता का, व्यवहार कोणत्या आयपी पत्त्यावरून आणि उपकरणावरून झाला, आणि नेहमीपेक्षा वेगळा व्यवहार म्हणून यंत्रणेने इशारा दिला होता का. न्यायालयांनीही ही बाजू उचलून धरली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये, नेटबँकिंगच्या एका प्रकरणात, याच 2017 च्या परिपत्रकाच्या आधारे खातेदाराला सुमारे 76.90 लाख रुपये परत करण्याचा आदेश बँकेला दिला. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसाममधल्या एका ग्राहकाच्या 94 हजारांहून अधिक रकमेच्या प्रकरणात बँकेचे दायित्व कायम ठेवले. त्या ग्राहकाने 24 तासांच्या आत तक्रार केली होती.

9. ओटीपी आलाच नाही आणि पैसे गेले. हे शक्य आहे का?

होय. परदेशातल्या पुष्कळ संकेतस्थळांवर कार्ड क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर व्यवहार होतो, कारण ओटीपीची भारतीय सक्ती त्या दुकानदारांना लागू नाही. देशात 5,000 रुपयांपर्यंतचा व्यवहार कार्ड टेकवून पिनशिवाय होतो. एकदा संमती दिलेल्या वर्गणीचे 15,000 रुपयांपर्यंतचे पुढचे हप्तेही ओटीपीविना कापले जातात, पण त्यांची आगाऊ सूचना बँकेकडून येते. परदेशी संकेतस्थळावरचा व्यवहार असेल, तर आपले काम तुलनेने सोपे असते: दुसरी पडताळणी न झाल्यामुळे बँक तो बोजा दुकानदाराच्या बाजूकडे ढकलू शकते (प्रश्न 13 पाहावा). कार्डावरचे परदेशी व्यवहार अ‍ॅपमधून बंद ठेवता येतात. ऑक्टोबर 2020 पासून नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात. ते कोणी आणि कधी चालू केले, हेही बँकेला विचारावे.

10. कार्ड माझ्या पाकिटात आहे आणि पैसे दुसऱ्या गावातल्या एटीएममधून निघाले. मग कार्डाची नक्कल झाली का?

पाकिटातले कार्ड बाहेर काढून त्यावरचे नाव वाचावे. हा सल्ला विनोदी वाटेल, पण एटीएमवर 'काका, मी मदत करतो' म्हणत कार्डाची अदलाबदल करणारे त्याच बँकेचे, त्याच रंगाचे, दुसऱ्याच कोणाचे तरी जुने कार्ड हातात ठेवतात, आणि ते बरेच दिवस लक्षात येत नाही. पिन त्यांनी खांद्यावरून पाहिलेला असतो.

कार्ड आपलेच असेल, तर नोंदीत चिप वाचली गेली की पट्टी, हा निर्णायक प्रश्न आहे. चिपच्या कार्डावर पट्टीने व्यवहार झाला असेल, तर नकलेचा संशय बळावतो आणि बँकेची बाजू लंगडी पडते. त्या वेळी आपण दुसरीकडे होतो याचा पुरावा, म्हणजे कार्यालयातली हजेरी, प्रवासाचे तिकीट किंवा त्याच सुमारास दुसऱ्या गावात केलेला व्यवहार, अर्जासोबत जोडावा. एटीएमचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी पहिल्याच दिवशी करावी, आणि एटीएम दुसऱ्या बँकेचे असले तरी ती आपल्याच बँकेमार्फत करावी. चित्रण कायम राहत नाही.

(एटीएममधून नोटा न येताच खात्यातून रक्कम कापली गेली असेल, तर ती फसवणूक नसून अयशस्वी व्यवहार असतो. तो झाल्यापासून पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.)

11. बँकेने पैसे खात्यात जमा केले, पण ते काढता येत नाहीत. दोन महिन्यांनी परत कापून घेतले तर?

ही तात्पुरती जमा असते. कर्मचारी तिला शॅडो क्रेडिट म्हणतात. तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या 10 दिवसांत, आणि व्यवहार झाला त्याच तारखेला जमा झाल्यासारखी धरून, ती करणे बँकेवर बंधनकारक आहे, म्हणजे मधल्या काळातले व्याज बुडत नाही. चौकशी संपेपर्यंत बँका बहुधा ही रक्कम रोखून ठेवतात आणि निकाल विरुद्ध गेल्यास परत घेतात. पण ही चौकशी 90 दिवसांत पूर्ण व्हायलाच हवी. त्या मुदतीत बँकेला ग्राहकाचे दायित्व ठरवता आले नाही, तर चौकटीत ठरलेली भरपाई द्यावी लागते. म्हणून 91 व्या दिवशी एक ओळीचे स्मरणपत्र जरूर पाठवावे. रक्कम कापली असेल, तर कारण लेखी मागावे. 'चौकशीअंती दावा अमान्य' एवढ्या तीन शब्दांना कारण म्हणत नाहीत.

12. क्रेडिट कार्डाचे बिल आले आहे. वादातली रक्कम भरायची का?

वादातली रक्कम वगळून उरलेले बिल मुदतीत पूर्ण भरावे. फसवणूक म्हणून तक्रार केलेल्या व्यवहारावर तक्रारीचा निकाल लागेपर्यंत शुल्क आकारण्यास मनाई आहे. तरीही पुढच्या बिलात व्याज किंवा विलंब शुल्क दिसल्यास तक्रार क्रमांक देऊन ते काढून घ्यायला लावावे. रागाने सगळेच बिल थकवू नये. त्याने आपली पत बिघडते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

13. चार्जबॅक म्हणजे काय? ऑनलाइन मागवलेली वस्तू आलीच नाही, तर तो मिळतो का?

चार्जबॅक म्हणजे आपल्या बँकेने कार्ड जाळ्याच्या नियमांनुसार दुकानदाराच्या बँकेकडून रक्कम परत मागणे. दुकानदाराला उत्तर देण्याची संधी मिळते. तो सही केलेली पावती, वस्तू पोहोचवल्याचा पुरावा किंवा ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार सादर करतो. दोन्ही बाजू अडून बसल्या, तर शेवटी कार्ड जाळे लवादाप्रमाणे निर्णय देते. यात काही आठवडे सहज जातात.

येथे एक अडचणीची मेख आहे. व्यवहार ओटीपीने पडताळलेला असेल, तर 'फसवणूक' या कारणाखाली दुकानदाराकडून रक्कम सहसा वसूल होत नाही, कारण जाळ्याच्या नियमांनी तो बोजा कार्ड देणाऱ्या बँकेकडे सरकवलेला असतो. ग्राहकाशी बँक इतकी अडून का बसते, याचे एक कारण हेच आहे: तिला ते पैसे स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात. हा बँक आणि दुकानदार यांच्यातला हिशेब आहे. ग्राहकाचे 2017 च्या चौकटीतले हक्क त्यामुळे कमी होत नाहीत.

वस्तू न येणे हा वेगळा वाद आहे. तो व्यवहार आपणच केलेला असल्यामुळे तो 'अनधिकृत' म्हणून नोंदवू नये. 'वस्तू किंवा सेवा मिळाली नाही' याच कारणाखाली नोंदवावा, म्हणजे ओटीपीचा मुद्दा आड येत नाही. चुकीचे कारण निवडल्यामुळे चांगले दावे फेटाळले जातात.

14. 1930 वर फोन केल्यावर पैसे 'होल्ड' झाल्याचे कळले. ते माझ्या खात्यात कधी येतील?

तक्रार नोंदताच ती संबंधित बँकांकडे आणि वॉलेट कंपन्यांकडे जाते, आणि रक्कम ज्या खात्यात पोहोचली असेल तिथे शिल्लक असेल तेवढी रोखली जाते. चोर पैसे काही मिनिटांत खात्यांच्या साखळीतून पुढे सरकवतात, म्हणून पहिल्या तासाला इतके महत्त्व आहे. रोखलेली रक्कम सोडवण्यासाठी सामान्यतः भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. त्यासाठी पोलीस ठाण्यातला तपास अधिकारी कोण, हे आधी विचारून घ्यावे. ही प्रक्रिया आणि बँकेकडची तक्रार या दोन स्वतंत्र वाटा आहेत. एक चालू आहे म्हणून दुसरी थांबवू नये.

15. एफआयआर आणल्याशिवाय तक्रार घेणार नाही, असे शाखेत सांगितले.

मुदत मोजण्यासाठी बँकेला कळवणे पुरेसे आहे, त्याला एफआयआरची अट नाही. शाखेने अडवल्यास तेथेच उभे राहून अ‍ॅप, ईमेल किंवा फोनवरून तक्रार नोंदवावी. दाव्याच्या पुढच्या टप्प्यावर बँका पोलीस तक्रारीची प्रत मागतात आणि ती देणे हिताचेच असते. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे कारण आता चालत नाही.

16. मुलाने किंवा नातेवाइकाने न विचारता कार्ड वापरले, तर?

बँकेच्या दृष्टीने ही फसवणूक जवळजवळ कधीच ठरत नाही, कारण पिन किंवा मोबाइल त्या व्यक्तीच्या हाती पडणे हाच निष्काळजीपणा मानला जातो. पिन घरात सांगून ठेवणेही कार्डाच्या अटींविरुद्ध आहे, मग तो पत्नीला सांगितलेला असो वा मुलीला. तक्रार करण्याआधी घरात शांतपणे चौकशी करावी, कारण पोलिसांत दिलेली तक्रार पुढे घरच्याच माणसापर्यंत पोहोचते.

17. माझे खाते सहकारी बँकेत आहे. हे नियम तिथे लागू आहेत का?

होय. डिसेंबर 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने हीच चौकट सहकारी बँकांनाही लागू केली. पतसंस्था मात्र सहकार कायद्याखाली येतात, त्या यात मोडत नाहीत.

या प्रश्नामागे पुष्कळदा पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरच्या ऑगस्ट 2018 मधल्या हल्ल्याची आठवण असते. तिथे चोरांनी ग्राहकांना फोन केले नव्हते. एटीएमच्या मंजुरी देणाऱ्या यंत्रणेसमोर बनावट यंत्रणा उभी करून, नकली कार्डांवरच्या मागण्या परस्पर मंजूर करवल्या गेल्या आणि 28 देशांतल्या एटीएममधून रोकड काढली गेली. स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेमार्फत हाँगकाँगला पाठवलेली रक्कम धरून एकूण 94 कोटींहून अधिक पैसा गेला. तो बँकेचा होता, खातेदारांच्या शिलकीला धक्का लागला नाही. पुण्याच्या न्यायालयाने 2023 मध्ये 11 जणांना दोषी ठरवले. दोष यंत्रणेत असेल तर ग्राहकाचे दायित्व का नसते, हे समजण्यासाठी याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

18. बँकेने दावा फेटाळला. पुढे कुठे जायचे?

आधी त्याच बँकेच्या वरिष्ठ तक्रार अधिकाऱ्याकडे जावे. तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तेच प्रकरण न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल, तर लोकपाल ते घेत नाही. म्हणून बहुतेकांनी आधी लोकपाल आणि मग आयोग असा क्रम ठेवावा. आयोगाची दोन वर्षांची मुदत मात्र नजरेआड करू नये. लोकपालाची सुनावणी संक्षिप्त असते. साक्षीपुरावा खोलात तपासावा लागेल असे प्रकरण तो बाजूला ठेवू शकतो.

रक्कम मोठी असेल आणि बँकेच्या सुरक्षाव्यवस्थेतच त्रुटी होती असे म्हणणे असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 46 खालचा न्यायनिर्णय अधिकारी हा फारसा ठाऊक नसलेला मार्ग आहे. महाराष्ट्रात हे काम राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव पाहतात आणि 5 कोटींपर्यंतचे दावे त्यांच्यापुढे चालतात.

19. मी परदेशात राहतो, पण कार्ड भारतीय बँकेचे आहे. मेसेज भारतातल्या बंद पडलेल्या क्रमांकावर जात होते. मग मुदत कशी मोजणार?

मुदत सूचना मिळाल्यापासून मोजली जाते, त्यामुळे मोबाइलवर पोहोचली नाही तरी ईमेलवर सूचना आली होती का, हे बँक पाहील. पण चालू क्रमांक कळवण्याची जबाबदारी ग्राहकाची असल्याने हा वाद जिंकणे कठीण जाते. अनिवासी खात्यांवर परदेशी क्रमांक नोंदवण्याची सोय अनेक बँका देतात, ती वापरावी. अमेरिकेत घेतलेल्या कार्डाला मात्र तिथलाच कायदा लागू होतो. तिथे क्रेडिट कार्डाच्या अनधिकृत वापराचे ग्राहकाचे दायित्व कमाल 50 डॉलर आहे. डेबिट कार्डाबाबत कार्ड हरवल्याचे कळल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत सांगितले तर तेवढेच, आणि त्यानंतर ते 500 डॉलरपर्यंत जाऊ शकते. बँकेने खात्याचे विवरण पाठवल्यापासून 60 दिवसांतही त्यातला चुकीचा व्यवहार कळवला नाही, तर त्यापुढच्या नुकसानीला ही मर्यादाही उरत नाही.